बाबा स्वतः काय करतात?

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, हात-पाय किती टक्के आले?" त्याचे नेमके उत्तर देता येत नाही. मुठीत जोर आला म्हणजे शर्टाचे बटण लागेलच असे नाही. म्हणून आम्ही वेगळे मोजतो: रोजच्या कामांत रुग्णाला दुसऱ्याची मदत किती लागते.

त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे बार्थेल इंडेक्स. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डॉ. फ्लोरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी ती १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. जेवण, अंघोळ, तोंड धुणे-दाढी, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत बसणे, चालणे आणि जिना अशा दहा गोष्टी, मिळून १०० गुण. चालण्याला १५, अंघोळीला फक्त ५, आणि तेही कुणी जवळ उभे न राहता केली तरच. काठी घेऊन चालले तर गुण जात नाहीत. माणसाचा आधार लागला की जातात.

यात 'जमते का' असे विचारायचे नसते, 'करतात का' असे विचारायचे असते. आपल्याकडे घोळ इथेच होतो. वॉर्डात स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या आजोबांना घरी सून भरवू लागते. माया खरी, पण हाताचा सराव थांबतो. गिळताना ठसका लागत नसेल तर त्यांचे त्यांना जेवू द्या. सांडले तर सांडू द्या.

मोजपट्टी परक्या घरांसाठी बनलेली, त्यामुळे जमिनीवरून उठणे तिच्यात नाही. बोलणे, हिशेब, गॅस पेटवणे हेही नाही. १०० गुण मिळाले तरी माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, हे तिच्या कर्त्यांनीच सांगून ठेवले आहे. शिवाय बेरीज फसवी असते. समजा ९० गुण आहेत आणि गेलेले दहा जिन्याचे आहेत. तळमजल्यावरच्या माणसाचे त्यात भागते. सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा मात्र घरातच अडकतो. म्हणून मी आधी मजला विचारतो.

डिस्चार्ज कार्डावर नुसती बेरीज नको, दहाही आकडे लिहून मागा. तीन महिन्यांनी तपासणीला येताना तो कागद सोबत आणा, आणि उत्तरे शक्यतो बाबांना देऊ द्या.