उच्च शिक्षणाचा अर्थपुरवठा आणि विद्यार्थी कर्ज

उच्च शिक्षणाचा अर्थपुरवठा म्हणजे विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च शासन, विद्यार्थी आणि त्याचे कुटुंब यांच्यात वाटून घेण्याची व्यवस्था होय. विद्यार्थ्याला आपला वाटा शिकत असताना भरणे शक्य नसल्यास कर्जाचा आधार घेतला जातो. घर घेताना घरच तारण ठेवता येते. शिकलेली विद्या मात्र गहाण ठेवता येत नाही. त्यामुळे पदवी मिळूनही पुरेशी मिळकत झाली नाही, तर त्याचा भार कोणी सोसावा, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत.

ऑस्ट्रेलिया

गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने १९७४ मध्ये विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द केले. पुढे विद्यार्थिसंख्या वाढली आणि सरकारी तिजोरीवरील ताणही वाढला. फुकट शिक्षणाचा लाभ मुख्यतः सुस्थितीतील घरांनाच होतो, असा आक्षेपही घेतला जाऊ लागला. यातून १९८९ मध्ये 'हेक्स' ही अंशदान योजना सुरू झाली. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन हे तिचे शिल्पकार मानले जातात. पूर्णवेळ विद्यार्थ्याचा वाटा आरंभी वर्षाला १,८०० डॉलर होता. तो प्रवेशाच्या वेळी भरण्याची सक्ती नव्हती. पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की करवसुलीच्या यंत्रणेमार्फतच त्याची वसुली होई. नोकरी सुटली किंवा पगार मर्यादेखाली आला, तर वसुली आपोआप थांबते. जामीनदार लागत नाही. पुढे अनेक देशांनी या पद्धतीचे अनुकरण केले.

या कर्जावर व्याज नसले, तरी शिल्लक रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढते. महागाई मंद असताना ही बाब कोणाला फारशी जाणवली नव्हती. २०२३ मध्ये मात्र कर्जे एकाएकी ७.१ टक्क्यांनी वाढली आणि वर्षभर फेड करूनही अनेकांची बाकी आधीपेक्षा जास्त झाली. त्यानंतर महागाई आणि वेतनवाढ यांपैकी कमी असलेला दर लागू करण्यात आला, तर २०२५ मध्ये कायद्याने थकबाकीत २० टक्के कपात करण्यात आली.

ब्रिटन

इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड शुल्क सुरू झाले. ते २००६ मध्ये ३,००० व २०१२ मध्ये कमाल ९,००० पौंडांवर गेले. येथेही परतफेड उत्पन्नावर अवलंबून असते, परंतु व्याज आकारले जाते. २०१२ पासूनच्या कर्जदारांची उरलेली बाकी ३० वर्षांनी माफ होते. २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ही मुदत ४० वर्षे झाली. स्कॉटलंडमध्ये मात्र तेथील रहिवाशांच्या पहिल्या पदवीचे शुल्क शासन भरते.

जर्मनी आणि स्वीडन

जर्मनीतील काही राज्यांनी २००६ पासून शुल्क लावून पाहिले, परंतु लोकमताच्या दबावामुळे २०१४ पर्यंत सर्वांनी ते मागे घेतले. १९७१ च्या 'बाफॉग' कायद्यानुसार गरजू विद्यार्थ्यांना निर्वाहासाठी मिळणारी मदत साधारणतः निम्मी अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज असते, आणि कितीही मदत घेतली तरी फेड १०,०१० युरोंहून अधिक करावी लागत नाही. स्वीडनमध्ये देशातील विद्यार्थ्यांना शुल्क नाही. तरीही तेथील अनेक पदवीधर कर्ज घेऊनच बाहेर पडतात, कारण राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे म्हणता येत नाही.

अमेरिका

चार कोटींहून अधिक अमेरिकनांवर मिळून सुमारे १.६ लाख कोटी डॉलरचे केंद्रीय शिक्षणकर्ज आहे. दिवाळखोरीतही हे कर्ज सहजासहजी सुटत नाही. असह्य हालअपेष्टा न्यायालयात सिद्ध कराव्या लागतात. जो बायडेन यांच्या सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलेली व्यापक कर्जमाफी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवली.

भारत

भारतात शिक्षणकर्ज प्रामुख्याने बँका देतात. २००१ च्या आदर्श योजनेनुसार पालक सहकर्जदार असतात, आणि मोठ्या रकमेसाठी घर किंवा जमीन तारण द्यावी लागते. अभ्यासक्रम संपल्यावर काही काळ सवलत मिळते. त्यानंतर हप्ता ठरलेला असतो, पगार असो वा नसो. मुलाला काम न मिळाल्यास बँक पालकांच्या दारी येते, ती यामुळेच. २०२४ च्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेने निवडक संस्थांपुरती तारणाची अट काढली, परंतु हप्ता उत्पन्नाशी जोडलेला नाही. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पूर्वी ही सवलत निम्मी होती.