नावाला खरेदीखत नसते

वर्तकनगर परिसरात रिक्षात बसून ‘जेकेग्राम’ म्हटले की चालक दुसरा प्रश्न विचारीत नाही. ‘जे.के.’ या आद्याक्षरांत एका व्यापारी घराण्यातील पिता-पुत्र आहेत, जुग्गीलाल आणि कमलापत सिंघानिया, हे मात्र बसणाऱ्यालाही क्वचितच ठाऊक असते. ठाण्यात 1925 साली उभी राहिलेली लोकरीची गिरणी 1944 मध्ये या घराण्याकडे आली आणि ‘रेमंड’ नावाने घरोघरी पोहोचली. पुढे यंत्रे थांबली. 2019 मध्ये गिरणीच्या जमिनीपैकी सुमारे 20 एकर 700 कोटी रुपयांना विकली गेली. जमिनीचे खरेदीखत झाले, नाव मात्र रस्त्यावरच राहिले. हिशेबाच्या भाषेत हाच नावलौकिक, आणि ताळेबंदात त्याचे मूल्य लिहिणे सर्वांत कठीण.

पोखरण रस्ता क्रमांक 1 महामार्गाला मिळतो, तो कॅडबरी नाका. कंपनीने 2014 मध्ये ‘मोंडेलीझ’ हे नाव धारण केले. नाक्याने केले नाही. आपल्या पेढ्यांच्या पाट्यांना एवढे भाग्य लाभत नाही. नूतनीकरणात आजोबांच्या हातची पाटी भंगारात जाते, तिचे छायाचित्रही कोणी काढून ठेवीत नाही.

वडाळा–कासारवडवली मेट्रोच्या आराखड्यात इथल्या स्थानकाचे नाव आहे ‘कॅडबरी जंक्शन’.