रात्रीच्या घाटात मीटरचा उजेड

भरलेला ट्रक रात्री कसारा घाट चढत असेल, तर चालकाला इंजिनच्या तापमानाकडे डोळा ठेवावा लागतो. उतरत असेल, तर ब्रेकच्या हवेकडे. नजर क्षणभर डॅशवर येते, काटा टिपते आणि परत रस्त्यावर जाते. हा क्षण जितका छोटा, तितका धोका कमी. म्हणून बाहेरून आणलेला मीटर डॅशच्या मूळ उजेडाशी जुळलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जादा मीटर बसवण्यामागे कारण असतं. अनेक गाड्यांत ऑइल प्रेशरसाठी नुसता लाल दिवा असतो. तो पेटतो तेव्हा दाब आधीच धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो. काटा मात्र दाब उतरू लागल्याचं आधीपासून दाखवतो. अल्टरनेटरची तब्येत सांगणारा व्होल्टमीटर आणि टर्बोचा दाब सांगणारा बूस्ट मीटरही याचसाठी बसवतात.

दुकानात काय बघायचं?

पहिली गोष्ट व्होल्टची. आपल्याकडचे अवजड ट्रक १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टवर चालतात. इंजिन चालू असताना हा आकडा २८ च्या आसपास जातो. पिकअप आणि छोटे टेम्पो १२ व्होल्टचे. काही जण १२ व्होल्टचा मीटर आणतात आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून त्याला करंट देतात. असं कधीही करू नये. एका बॅटरीतून जास्त खर्च होतो, पण चार्जिंग दोघींना एकत्रच मिळतं. मग एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात.

दुसरी गोष्ट मीटर आणि सेंडरच्या जोडीची. सेंडर म्हणजे इंजिनवर बसणारा सेन्सर. व्हीडीओ (VDO) पद्धतीच्या प्रेशर सेंडरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम असतो आणि पूर्ण दाबाला १८४ ओहमपर्यंत चढतो. अमेरिकी पद्धतीत तोच २४० वरून ३३ वर उतरतो. एकीचा मीटर दुसरीच्या सेंडरला जोडला, तर दाब घटत असताना काटा वर चढेल. त्यामुळे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीचे घ्यावेत. आकाराची अडचण सहसा येत नाही, कारण ५२ मिलिमीटरचं भोक बहुतेक मीटरना चालतं.

ऑइल प्रेशरसाठी इलेक्ट्रिक मीटरच घ्यावा. मेकॅनिकल मीटरमध्ये गरम ऑइल बारीक नळीतून थेट केबिनमध्ये येतं आणि नळी फुटली तर चालकाच्या अंगावर उडतं. ब्रेकच्या हवेच्या लाइनला मात्र घरच्या घरी हात लावू नये. ते काम ब्रेकच्या जाणकार मिस्त्रीचंच.

रंग कसा जुळवायचा?

डॅशचा हिरवा किंवा निळसर रंग एकट्या बल्बचा नसतो. बल्बचा उजेड, त्यावरची रंगीत टोपी किंवा फिल्टर आणि डायलवरची छपाई, असं तिन्ही मिळून तो रंग तयार होतो. साध्या बल्बचा उजेड मुळात पिवळसर असतो. त्यावर निळी टोपी चढवली की शुद्ध निळा न मिळता मळकट हिरवट रंग दिसतो.

एलईडीची अडचण वेगळी. पॅनल लाइटचं बटण फिरवून उजेड कमी केला की साधा बल्ब मंद होता होता तांबूस होतो. एलईडीचा रंग तसाच राहतो आणि जुन्या पद्धतीच्या बटणावर तो ठरावीक व्होल्टेजखाली एकदम विझतो. त्यामुळे पूर्ण उजेडात जुळलेले दोन मीटर मंद उजेडात वेगळे दिसतात. डॅशमध्ये बल्ब असतील तर बल्बचाच मीटर घ्यावा, एलईडी असतील तर एलईडीचा.

उजेड जास्त ठेवण्यापेक्षा कमी ठेवलेला बरा. डोळा अंधाराला पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. डॅशवर एकच मीटर भगभगत असला तरी हा सराव मोडतो, शिवाय त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं.

वायरिंग

इलेक्ट्रिक मीटरला साधारण चार जोडण्या लागतात: इग्निशनचा प्लस, अर्थ, सेंडर आणि दिवा. दिव्याची वायर इग्निशनला जोडली तर तो भर दुपारीही जळतो आणि रात्री मंद होत नाही. ती पॅनल लाइटच्या वायरलाच जोडायला हवी. ही वायर मल्टीमीटरने सापडते. पार्किंग लाइट लावा, पॅनल लाइटचं बटण फिरवा. ज्या वायरवरचं व्होल्टेज बटणाबरोबर कमीजास्त होतं, ती आपली. २४ व्होल्टला १.२ वॅटचे तीन बल्ब मिळून ०.१५ अँपिअर घेतात, म्हणजे जुन्या सर्किटवर भार नगण्य. नव्या गाड्यांत क्लस्टरचा उजेड आतला कॉम्प्युटर सांभाळतो आणि अशी वायर बाहेर येतेच असं नाही. तिथे स्वतःचं डिमर असलेला मीटर घ्यावा.

आता अर्थिंग. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलत असेल, तर इंजिन तापलेलं नाही, अर्थ कच्चा आहे. दिव्यांचा करंट त्याच बारीक वायरने परततो आणि मीटरला मिळणारं व्होल्टेज बदलतं. रंग खरवडून, लख्ख धातूवर वायरच्या टोकाचा लग घट्ट बसवावा. सेंडर इंजिनच्या अंगातूनच अर्थ घेत असेल, तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नयेत.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची जोडणी काढावी. प्लसच्या वायरला करंट घेतो तिथेच छोटा फ्यूज लावावा. इंजिनकडून केबिनमध्ये येणारी वायर रबरी ग्रोमेटमधूनच आणावी, नाहीतर पत्र्याच्या कडेवर ती कापली जाते. जोड क्रिंप करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर ट्रकच्या हादऱ्यांत टिकत नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी अंधार पडू द्या. चालकाच्या सीटवर बसा आणि बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. नवा मीटर वेगळा डोळ्यात भरत असेल, तर काम पुरं झालेलं नाही. मिस्त्रीला तसं स्पष्ट सांगा आणि दुरुस्त करून घ्या. रात्रभर त्या उजेडात बसायचं आहे ते चालकाला.