पिंपरी ते चाकण: पगारापलीकडचं मागणं

टाटांची टेल्को 1966 साली पिंपरी-चिंचवडमध्ये आली, पण इथून पहिलं मालवाहू वाहन बाहेर पडायला 1977 उजाडलं. मधल्या वर्षांत कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी माणसं घडवली. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं अप्रेंटिस म्हणून कानस धरायला शिकली, मग यंत्रावर उभी राहिली आणि पुढे कारखान्याला लागणारी यंत्रं नि डायही तिथेच बनवू लागली. त्या पिढीतली माणसं निवृत्तीनंतरही ‘आमची टेल्को’ म्हणतात.

माणूस कामात जीव का ओततो, यावर मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये अमेरिकेत एक सिद्धांत मांडला. पगार, सोयी आणि नोकरीची शाश्वती यांनी फक्त नाराजी टळते. उमेद येते ती कामातून, जबाबदारीतून, कौतुकातून. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे अजून शिकवतात. टेल्कोच्या त्या अप्रेंटिसांकडे पाहिलं की पटतंही. पण शाश्वतीला हर्झबर्ग यांनी दिलेली जागा आपल्या पट्ट्यात चुकते, असं माझं ठाम मत आहे. इथे सगळी उमेद शाश्वतीवरच उभी असते. पोरगा ‘पर्मनंट’ झाला की घराचं कर्ज मिळतं, लग्न जमतं, गावाकडच्या भावाचं शिक्षण मार्गी लागतं.

आणि शाश्वती मिळालेल्या कामगारानेही नुसते पैसे मागितलेले नाहीत. 1988-89 चा टेल्कोचा संघर्ष आठवा. कामगार नेते राजन नायर यांना कंपनीने कामावरून काढलं आणि पुढे दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केला. पगारवाढ त्या करारातही होती. तरी सप्टेंबर 1989 मध्ये कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले आणि अखेर पोलिसांनी त्यांना रात्रीतून उचललं. त्या संघर्षात हिंसाही झाली, तिचं समर्थन नाही. पण आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, एवढी साधी गोष्ट त्या उपोषणात होती. ती रकमेत मोजता येत नव्हती.

चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात 2013 च्या जूनअखेरीस काम थांबलं. संघटनेच्या मागण्यांत एक मागणी देशभर चर्चेत आली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया दराने द्या. बाजारात त्या शेअरचा भाव हजारांत होता. पुष्कळांना मागणी हास्यास्पद वाटली. राजीव बजाज यांनी ती साफ नाकारली, उत्पादन वाळूज आणि पंतनगरला हलवण्याचा इशारा दिला आणि सुमारे 50 दिवसांनी आंदोलन शेअरविना मागे घेतलं गेलं. आकडा अवाजवी असेलही, पण लाइनवर दिवसभर दुचाकी जोडणाऱ्या माणसाला कंपनीच्या भरभराटीत आपल्या नावाचा वाटा हवा होता. कर्मचाऱ्यांत ‘मालकीची भावना’ रुजवा असं सांगणारी भाषणं इथल्या सभागृहांत किती झाली! कामगाराने ते शब्द खरे मानले, तेव्हा त्याला नकार मिळाला.

तळेगावला जनरल मोटर्सने 2020 च्या डिसेंबरमध्ये उत्पादन बंद केलं. तिथेही अनेकांनी देऊ केलेली भरपाई नाकारली. कारखाना जो घेईल त्याने आम्हालाही घ्यावं, हा त्यांचा आग्रह होता. 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, तोवर त्यांच्या उमेदीची दोन-अडीच वर्षं रस्त्यावर आणि कोर्टात गेली होती.

आता शिफ्ट सुटताना चाकणच्या चौकात बसची वाट पाहणारी बहुतेक मुलं कंत्राटी, ट्रेनी किंवा अप्रेंटिस असतात. वर्षात 240 दिवस भरले तर कायद्याने हक्क लागू होतील, म्हणून सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची जुनी चाल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच लाइनवर कायम कामगार तेच काम कितीतरी जास्त पगारात करतो. भिंतीवर कायझेनचे, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांचे, तक्ते लागतात, ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लागतो. पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेल्या मुलाने सुचवायचं तरी कोणासाठी?

कारखाने चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. कर्मचारी समाधानाची पुढची प्रश्नावली वाटण्याआधी या मुलांना एक कागद द्या: किती काळ नीट काम केलं तर कायम करू, हे त्यावर तारखेसह लिहा आणि खाली सही करा.