व्होल्टेज सांगणारी एक ओळीची फाइल

चाकणच्या वर्कशॉपमध्ये गाडीचं ईसीयू, म्हणजे तिचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट, फ्लॅश करायचं (त्यात नवं सॉफ्टवेअर भरायचं) असलं, की आधी गाडीच्या बॅटरीला बाहेरून सप्लाय जोडतात. मधेच व्होल्टेज पडलं तर अर्धवट सॉफ्टवेअर गेलेलं ईसीयू निकामी होऊ शकतं. ज्या लॅपटॉपवरून हे काम चालतं, त्याच्या बॅटरीची चौकशी मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या टक्केवारीवरच थांबते. तो टक्का म्हणजे अंदाजाने मांडलेला हिशेब. व्होल्टेज प्रत्यक्ष मोजलेलं असतं.

लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर टर्मिनलमध्ये ‘कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट0/व्होल्टेज_नाऊ’ एवढंच द्यायचं. काही मॉडेलांत बॅट0 ऐवजी बॅट1. एकच आकडा उमटतो, समजा 11842000. हे मायक्रोव्होल्ट, म्हणजे 11.842 व्होल्ट. शेवटची तीन शून्यं सहसा हलत नाहीत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने 1996 साली आणलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये कळवलं जातं आणि लिनक्स त्याला हजाराने गुणतं. ही फाइल डिस्कवर नसतेच. कुणी वाचायला गेलं, की कर्नल उत्तर तयार करून देतं.

एकापुढे एक जोडलेले तीन लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवतात, उतरले की 9 च्या आसपास येतात. मधल्या टप्प्यात व्होल्टेज फार हळू उतरतं, म्हणून नुसत्या एका आकड्यावरून चार्ज किती उरलाय ते ठरवता येत नाही. या फाइलीची खरी किंमत लोड टाकल्यावर कळते. कमांडच्या आधी ‘वॉच -एन 1’ लावायचं, चार्जर काढायचा आणि एखादं जड कॅड मॉडेल उघडायचं. धडधाकट बॅटरीचा आकडा थोडा खाली येऊन सावरतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे आकडा झपकन कोसळतो. तीस टक्के दाखवणारा लॅपटॉप अचानक बंद पडतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

चाकणच्या पट्ट्यात बॅटरी आता गाडीचा मुख्य भाग झाली आहे. बजाजच्या विजेवरच्या चेतकचं उत्पादन 2019 मध्ये चाकणला सुरू झालं, 2022 मध्ये आकुर्डीत. अशा गाड्यांच्या बॅटरीत व्होल्टेजवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा असतेच. लॅपटॉपच्या बाबतीत ती नजर आपणच ठेवायला हवी. शेजारच्या ‘चार्ज_फुल’ आणि ‘चार्ज_फुल_डिझाइन’ या फाइलींतली तफावत किती क्षमता गेली ते सांगते. ती तफावत कमी असूनही लोडवर व्होल्टेज कोसळत असेल, तर चार्जर लावल्याशिवाय त्या लॅपटॉपवरून फ्लॅशिंगला हात घालू नये.