एकदाच जळणारा फ्यूज

सॅमसंगच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक फ्यूज असतो. मालकाने कंपनीची सही नसलेली सिस्टिम त्या फोनवर चालवायला घेतली की तो जळतो आणि आतली एक नोंद ० ची १ होते. मग सिक्युअर फोल्डर बंद, सॅमसंग पे बंद. मूळ सिस्टिम पुन्हा टाकली तरी ती १ जात नाही. फोन तुमचा, पैसे तुमचे आणि तुम्ही हात लावल्याची नोंद मात्र कायमची!

राग येणं साहजिक आहे, पण या फ्यूजची करामतही पाहण्यासारखी आहे. चिपमधल्या अतिसूक्ष्म पट्टीतून मुद्दाम जास्त विद्युतप्रवाह सोडतात. इलेक्ट्रॉनच्या लोंढ्यात पट्टीतले अणूच जागचे वाहून जातात आणि तिचा विद्युतरोध कायमचा बदलतो. आयबीएमने हे तंत्र 2004 मध्ये आपल्या चिपमध्ये आणलं. स्मरणासाठी एवढी भक्कम जागा दुसरी नाही, कारण पुसायला काही उरतच नाही.

फोन सुरू होताना काय घडतं पाहा. सगळ्यात आधी जागा होतो तो बूट रॉम, कारखान्यात चिपमध्येच कोरलेला छोटासा प्रोग्रॅम. तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो. ती कंपनीच्या किल्लीशी जुळली तरच त्याला चालू देतो. त्या किल्लीची खूणही बहुधा अशाच फ्यूजमध्ये कोरलेली असते. पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, त्याच्यापुढच्याची सही तपासतो. अब्जावधी बिटांपैकी एक बदलला तरी सही जुळत नाही, आणि हे सगळं पडद्यावर लोगो दिसतोय तेवढ्यात उरकतं.

न बदलणाऱ्या गोष्टीची किंमत ॲपलने मोजली. 2019 मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका संशोधकाने आयफोन 4एस ते आयफोन एक्सपर्यंतच्या बूट रॉममधली चूक उघड केली. रॉम कोणालाच बदलता येत नाही. मग कंपनीला तरी कसा येणार? विकून झालेल्या त्या फोनमधली चूक दुरुस्त होणं शक्यच नव्हतं.

कुलूपच नको, असं मात्र म्हणता येत नाही. 2008 मधल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, जी1 मध्ये, एक विलक्षण भोक राहून गेलं होतं. तुम्ही टाइप केलेलं सगळं गुपचूप सिस्टिमच्या सर्वाधिकारी कन्सोलकडेही जायचं. गप्पांमध्ये एका ओळीत नुसतं ‘रीबूट’ असं इंग्रजीत लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन सुरू व्हायचा! गुगलने ते लगेच बुजवलं. आज त्याच फोनवर यूपीआय असतं तर?

म्हणून माझी तक्रार कुलपाबद्दल नाही, किल्लीबद्दल आहे. गुगलच्या पिक्सेलमध्ये, काही टेलिकॉम कंपन्यांनी विकलेले फोन सोडले तर, मालकाला बूटलोडरचं कुलूप उघडता येतं, स्वतःची किल्ली बसवून पुन्हा बंदही करता येतं. सुरू होताना फोन एक पिवळी सूचना दाखवतो, एवढंच. म्हणजे सुरक्षा आणि मालकी एकत्र नांदू शकतात. तरीही हुआवेने 2018 मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं. शाओमीने परवानगीआधी कित्येक दिवस थांबायला लावलं. अपडेट थांबलेल्या, पण धडधाकट फोनला लिनिएजओएससारखी मोफत सिस्टिम आणखी काही वर्षं देऊ शकते. बूटलोडर उघडलाच नाही तर तो मार्ग खुंटतो. आणि उघडलाच, तर अनेक बँकांची ॲप चालायला नकार देतात.

नवा फोन घेण्याआधी दुकानातल्या नमुन्यावर एक करून पाहा. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ दिसतं का ते बघा. दिसलं तरी कंपनी वेगळा कोड मागते का, हे विचारून घ्या. आणि घरी येऊन उघडणारच असाल, तर आधी बॅकअप घ्या: बूटलोडर उघडताच फोनमधलं सगळं पुसलं जातं. चोराच्या हाती तुमचे फोटो पडू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती मला पटते.