चित्रपट पाहावा कसा?

चित्रपट पाहायला शिकावे लागते, असे कोणी म्हटले तर आपल्याला हसू येईल. अंधारात बसावे, हसावे, डोळे पुसावे आणि घरी यावे. यात शिकायचे ते काय? परंतु कुंभार पिंपळगावच्या श्रोत्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. समर्थांचे जांब येथून जवळच आहे. कीर्तन ऐकले म्हणजे श्रवण झाले, मनन अजून व्हायचे आहे, हा भेद आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. चित्रपटाचे आपल्याकडून श्रवण होते, मनन होत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मननासाठी आम्ही दोन प्रश्न सुचवतो. पहिला समाजशास्त्राचा: कथेतल्या दुःखाला माणसाचा स्वभाव किती कारण आहे आणि समाजाची घडी किती? दुसरा शिक्षणशास्त्राचा: चित्रपट तोंडाने जे सांगतो ते बाजूला ठेवले, तर तो नकळत काय शिकवतो?

उदाहरणादाखल व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला १९३७ चा ‘कुंकू’ घेऊ. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नीरा या तरुण मुलीला फसवून एका वृद्ध वकिलाशी तिचे लग्न लावले जाते आणि ती त्याला पती मानण्याचे नाकारते. म्हातारा दुष्ट असता तर त्याला शिव्या देऊन आपण मोकळे झालो असतो. पण केशवराव दाते यांनी रंगवलेल्या काकासाहेबांना पुढे स्वतःची चूक उमगते. म्हणजे दोष एका माणसापाशी संपत नाही. मुलीला न विचारता तिचा सौदा ठरवू देणाऱ्या रूढीपर्यंत तो पोचतो. १९२९ च्या सारडा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय किमान १४ ठरवले होते. वराचे वय जास्तीत जास्त किती असावे, हे ठरवले नव्हते. कायदा जेथे थांबला तेथून ‘कुंकू’ बोलू लागतो. आज मुलीचे कायदेशीर वय १८ आहे. तरीही ऊसतोडीला निघताना ‘मुलीला मागे कोणापाशी ठेवायचे?’ या काळजीने तिचे लग्न लवकर उरकणारी घरे मराठवाड्यात आहेत. त्या आईबापांना नुसते दुष्ट म्हणून भागेल काय? काळजीचे मूळ शोधावे लागेल.

आता दुसरा प्रश्न. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेथे आई हीच शाळा आहे. ती सांगते आणि तसेच वागते, म्हणून शिकवण मुरते. नागराज मंजुळे यांच्या २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’त नेमके उलटे घडते. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जातो, पण गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्याच घराकडे येते. शाळेजवळ ही धरपकड चालू असताना राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर वाहून नेताना शाळेच्या भिंतीवरची महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांची चित्रे आपल्याला दिसतात. एकही भाषण न करता चित्रपट सांगतो की, भिंतीवर समता रंगवलेली आहे आणि भिंतीखालून अपमान चालला आहे. मूल या दोहोंपैकी कोणता धडा लक्षात ठेवील, हे सांगायला नको.

अखेरीस जब्या धोंडा भिरकावतो, तो थेट आपल्या रोखाने येतो. आम्ही तर जब्याच्या बाजूचे, मग आमच्यावर का? कारण पडद्यावरचे गावकरी ती धरपकड तमाशासारखी पाहत होते आणि आपणही तिकीट काढून पाहतच होतो. आपल्या शाळेत, आपल्या पारावर आपण कोणाच्या रांगेत उभे असतो, हे तो धोंडा विचारतो.

म्हणून शिक्षकांना व पालकांना आमची विनंती आहे. मुलांना चित्रपट दाखवल्यावर ‘तात्पर्य लिहा’ असे सांगू नका. अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा आणि विचारा: कोणाला बोलूच दिले नाही? कोण हसले आणि कोणाला? असे आपल्या गावात कोठे घडते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मोठ्यांना खाली पाहावे लागेल. तसे झाले, तर चित्रपट पाहिल्याचे सार्थक झाले असे समजावे.